बेळगावहून चेन्नईच्या ट्रॅकवर: जुन्या व्हीटेकला आधी इंजिन की आधी ब्रेक?

टिळकवाडी_व्हीटेक
नमस्कार मंडळी. घरात २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, केए-२२ पासिंग, बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्या ताब्यात आलीय. बॉडी कुठं सडलेली नाही, इंजिन कधी उघडलेलं नाही, कंप्रेशन चारी सिलिंडरला सारखं येतंय. कंपनीचे १०६ बीएचपी, त्यातले आज किती उरलेत ते डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशिनवर, चढवल्याशिवाय कळायचं नाही. यंदा हिला चेन्नईला, इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला न्यायचीच असं ठरवलंय. शर्यत नाही, कप नाही, आपली गाडी मोकळ्या सर्किटवर पूर्ण जोरात चालवायची, घड्याळ बघायचं, परत यायचं.

पैसे एका वेळी एकाच कामाला पुरतील एवढे आहेत. एका ट्यूनरनं रीमॅप (इंजिनाच्या कंप्युटरचं सेटिंग बदलणं), ४-२-१ हेडर (धूर बाहेर नेणारे मोकळे पाइप) आणि इनटेक (हवा आत घेणारा भाग) असं पॅकेज सांगितलंय. मित्र म्हणतोय की ते सगळं राहू दे, ब्रेक आणि टायर बघ. माझं मत असं की एवढ्या लांब जायचं तर गाडीत दम पाहिजे, नाहीतर सरळ पट्ट्यावर सगळे ओव्हरटेक करून जाणार. दुसरं, गाडी चालवत न्यावी की ट्रकवर घालून? इथनं गेलेलं कोण आहे का?

निपाणी_४८
भावा, ब्रेक. विषय संपला.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. तुझ्या गावाजवळनं जो हायवे जातो ना, तोच एनएच-४८ सरळ त्या ट्रॅकच्या तोंडाला जातोय. आपल्याकडं आधी ह्यालाच एनएच-४ म्हणायचे. माझ्या घरापासनं गेटपर्यंत एकच रस्ता, रस्ता चुकायचा प्रश्नच न्हाई. आठशेच्या वर किलोमीटर हाईत पण. हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगळुरू, होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर. एका दमात जाऊ नको, कृष्णगिरीला नाहीतर वेल्लोरला मुक्काम टाक, दुसऱ्या दिवशी ताजातवाना ट्रॅकवर उतर.

रीमॅप_राजा
मी इथं वेगळं सांगणार. चेन्नईचा फुल ट्रॅक ३.७ किमीचा आहे, मोठा आहे, तिथं ताकद लागतेच. आधी ब्रेक आधी ब्रेक हे सगळीकडं ऐकायला मिळतं, पण स्टॉक गाडी घेऊन गेलेला माणूस दुपारपर्यंत कंटाळतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. रीमॅपनं रेव्ह लिमिट जरा वर जाते, थ्रॉटलला रिस्पॉन्स येतो, हेडरनं वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेतं. व्हीटेकची सगळी मजा वरतीच आहे. ब्रेकला चांगले पॅड घाला की, कोण नको म्हणतंय, पण पैसे इंजिनला.

लेथवाला_उद्यमबाग
वरच्यांचा मुद्दा समजला पण हिशेब मांडून बघूया. गाडी, डायवर, पेट्रोल मिळून अकराशे किलो धरा. १४० वरून ७० वर आणायची आहे. वेग निम्मा झाला, पण ऊर्जा पावच राहिली, तीन हिस्से ब्रेकमधे गेले. आकडा काढला तर सव्वासहा लाख ज्यूलच्या आसपास येतो, म्हणजे दोन लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी, तीन-चार सेकंदात, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर. हे एकदा नाही, प्रत्येक लॅपला जिथं जिथं जोरात ब्रेक तिथं तिथं, आणि डिस्क गार व्हायच्या आत परत. आता इंजिनात आठ-दहा बीएचपी वाढवले तर काय होणार, त्याच कोपऱ्याला तुम्ही आणखी वेगात पोचणार आणि तेच ब्रेक आणखी तापवणार.

ब्रेक दोन तऱ्हेनं जातो, फरक पायाला कळतो. पॅड तापून गेले तर पेडल घट्टच राहतं पण गाडी थांबत नाही. फ्लुइड उकळलं तर पेडल मऊ होऊन खाली जातं, कधी कधी पार जमिनीला टेकतं, कारण पाइपात वाफेचे बुडबुडे झालेले असतात आणि वाफ दाबली जाते. दुसरा प्रकार जास्त वाईट. डॉट ४ फ्लुइड नवं कोरं असताना कमीत कमी २३० अंशाला उकळतं, तेच पाणी शोषून घेतलेलं असलं की हा आकडा १५५ वर येतो. आणि ते हवेतलं पाणी शोषतंच, त्याचा गुणच तो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारू नका. शेवटचं कधी बदललंय ते आठवत नसेल तर उद्या सकाळी झाकण उघडून बघा, काळपट तपकिरी दिसलं तर ट्रॅकचं सोडाच, अनमोडच्या घाटात पण उतरू नका.

बदलताना सगळं बदला, नुसतं वरच्या डब्यातलं नाही. चाकाजवळच्या ब्रेकच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या नळाला) पारदर्शक नळी लावायची, दुसरं टोक बाटलीतल्या फ्लुइडमधे बुडवून ठेवायचं, एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल पाव आटा ढिलं करायचं, बुडबुडा निघून गेला की निपल आवळायचं आणि मगच पेडल सोडायचं. नळीतनं स्वच्छ, एकसारखं, बुडबुड्याविना यायला लागलं की पुढच्या चाकाकडं. वरचा डबा मधेच रिकामा होऊ द्यायचा नाही. तासाभराचं काम आहे, पण घाई करणाऱ्या हातानं करायचं नाही.

टिळकवाडी_व्हीटेक
दादा, फ्लुइडचं बाबांच्या वहीत लिहिलंय, बदलून लई वर्षं झाली. डिस्क पण बघायला पाहिजे का? ९० ला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं थोडं.

लेथवाला_उद्यमबाग
थरथरतं म्हणजे डिस्क सारखी नाही. हबला बसवूनच डायल लावून फिरवून बघायची, सुई किती हलते ते. कंपनीनं दिलेल्या जाडीच्या आत असेल तर घासून सरळ करता येते, पण ट्रॅकवर जायचं तर नवीनच घाल. पातळ डिस्कमधे लोखंड कमी, लोखंड कमी म्हणजे उष्णता धरायची ताकद कमी. हबच्या तोंडावरचा गंज पण साफ करायचा, नाहीतर नवीन डिस्क पण वाकडीच फिरणार.

केए२३_चिकोडी
भारी चाललाय धागा. माझ्याकडं पण हीच गाडी आहे, दोन मालकांनंतर माझ्याकडं आली. टायमिंग बेल्ट कधी बदललाय त्याचा काहीच पत्ता नाही. गाडी मस्त चालतीय. ट्रॅकवर न्यायच्या आधी बदलायलाच पाहिजे का? कोणीतरी सांगा.

चोर्ला_पहाटे
एवढं सगळं कशाला बे. पहाटे साडेचारला जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाटात उतरायचं, रस्ता रिकामा, वळणं एकाहून एक, खर्च फक्त पेट्रोल. जपानमधे पण लोक घाटातच शिकले. चेन्नईला जाऊन पैसे घालवण्यापेक्षा हे काय वाईट?

डॉक्टर_खानापूर
तुम्हाला कळकळीनं सांगतोय, हे करू नका. त्या पहाटेच्या रस्त्यावर दूधवाले असतात, शाळेच्या गाड्या सुटायच्या बेतात असतात, जंगलातनं गवा आडवा येतो, वळणापलीकडं बंद पडलेला ट्रक दगड लावून उभा असतो. मी रात्रपाळीला जे बघतो ते इथं लिहीत नाही. घाटात जो आपटतो त्याच्याबरोबर बऱ्याचदा असा कोणीतरी आपटतो ज्यानं वेगाचा शौक कधी केलेलाच नसतो, तो आपला मोटरसायकलवरून कामाला चाललेला असतो.

ट्रॅकवर समोरनं गाडी येत नाही. सगळे एकाच दिशेला. कोपऱ्याच्या बाहेर मोकळी जागा सोडलेली असते, झेंडेवाले उभे असतात, अँब्युलन्स इंजिन चालू ठेवून थांबलेली असते, अंगात रग असेल तर तिथं जाऊन जिरवा. कायद्याचं पण सांगतो, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण दंडाची भीती म्हणून नाही, माणसं जातात म्हणून नका करू.

शहापूरची_आरएस
डॉक्टरसाहेबांना +१. माझं घाटावर खूप प्रेम आहे पण ते जेवायला गोव्याला जाताना.

आता मूळ प्रश्नाकडं. मी बलेनो आरएस चालवते, २०१७ ची, १.० टर्बो, रीमॅप केलेली, आणि मी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जाऊन आलेय. त्यामुळं रीमॅप_राजांचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही, ताकदीची मजा असतेच. पण टर्बोला रीमॅपनं जे मिळतं ते साध्या इंजिनाला मिळत नाही, टर्बोत बूस्ट वाढवला की टॉर्क लगेच वाढतो, तुमच्या सिटीत ट्यूनर काय वाढवणार, हवा तेवढीच आत येतेय. आणि मला जे मिळालं त्याचं भाडं पण लगेच भरावं लागलं, दुपारच्या उन्हात इनटेकची हवा तापली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, स्वतःच ताकद कमी करतो. सकाळच्या सेशनला गाडी उडत होती, दोनच्या सेशनला तीच गाडी जड वाटायला लागली.

करी छोटा आहे, दोन किलोमीटरच्या जरा वर, कोपऱ्यामागून कोपरा. तिथं मी ज्याला बघून शिकले तो माणूस साध्या जुन्या १.३ स्विफ्टमधे होता, चांगले टायर, चांगले पॅड, बाकी काही नाही. माझ्यापेक्षा कमी ताकद, आणि सरळ पट्ट्यावर मी जे कमवायचे ते तो पुढच्याच कोपऱ्यात परत घ्यायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, ब्रेक मारायला जी खूण धरलीय तीच प्रत्येक लॅपला धरा, आधी सारखं चालवा, मग वेग आपोआप येतो. दिवसभर तेवढंच केलं आणि लॅपच्या वेळा खाली आल्या.

जुना_शोलावरम
धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. आम्ही ऐंशीच्या दशकात मद्रासला शिकायला होतो तेव्हा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक नव्हता, तो १९९० ला आला. त्याआधी शर्यती शोलावरमला व्हायच्या, दुसऱ्या महायुद्धातली विमानाची जुनी धावपट्टी ती. गवताच्या पेंढ्या लावलेल्या, उन्हात पत्रावळीवर भात खात लोक दिवसभर बसायचे. तिथं करिवर्धन यांना बघितलंय. कोइम्बतूरचे, गिरण्यांच्या घराण्यातले, पण हातानं गाड्या बनवायचे. मारुती ८०० चं इंजिन घालून त्यांनी सिंगल सीटर केली, फॉर्म्युला मारुती, आणि त्या स्वस्त गाड्यांमुळं सामान्य घरातली पोरं रेसिंगला लागली. १९९५ ला विमान अपघातात गेले. कोइम्बतूरच्या ट्रॅकला नाव त्यांचंच आहे. त्याच गावातला नारायण कार्तिकेयन २००५ ला फॉर्म्युला वनला गेला.

हे सांगायचं कारण, सातशे शहाण्णव सीसीच्या इंजिनावर एक पिढी शिकली. तुमची सिटी त्या मानानं लई पुढची गाडी आहे.

निपाणी_४८
काका लिहा की अजून. ह्यावर वेगळा धागा काढा.

अवांतर: मारुतीला जपानी म्हणायचं का?

रीमॅप_राजा
म्हणायचं की, २००२ ला सुझुकीकडं बहुमत गेलंय.

निपाणी_४८
मग आमच्या गल्लीतली दुधाची ओम्नी पण जेडीएम, म्हणजे अस्सल जपानी बाजारातली गाडी, झाली म्हणायची. उद्याच स्टिकर लावतो.

शहापूरची_आरएस
ओम्नी मागच्या चाकाची आहे, इंजिन सीटखाली, बॅलन्स ऐकायला भारी वाटतो. :)

हुपरी_रोड
कोल्हापुरातनं लिहितोय. चेन्नईच्या आधी आमच्याकडं या की. हुपरी रोडला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात तिथं. बेळगावहून दोन-सव्वादोन तास. कार्टला सस्पेन्शन नाही, गिअर नाही, त्यामुळं तुम्ही लाइन चुकलात तर ते लगेच कळतं, लपवायला काही नाही. ब्रेक सरळ रेषेत मारून संपवणं, आत वळताना नजर कोपऱ्याच्या टोकावर आणि तिथनं लगेच बाहेरच्या कडेला, हात शांत ठेवणं, हे सगळं तिथं कमी पैशात अंगात मुरतं. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कपमधे चालवायचा, कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ ३ ला गेला, ही आमच्या मातीतली पोरं आहेत. बेळगावच्या लोकांनी हा ट्रॅक आपलाच समजावा.

चोर्ला_पहाटे
डॉक्टर, तुमचं पटलं. कार्टिंगला या शनिवार-रविवारी कोण येतंय का? मी येतो.

हुपरी_रोड
ये भावा. तांबडा-पांढरा माझ्याकडनं.

विमावाला_कॅम्प
एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, विम्याचंच काम करतो मी. तुमच्या खाजगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा म्हणून एक परिच्छेद असतो, तो काढून वाचा. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल यांच्यासाठी वापर केला तर कव्हर नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे बेळगाव ते गेटपर्यंत आणि गेटपासनं घरापर्यंत विमा आहे, आत सर्किटवर काही झालं तर तो खर्च आपला धरूनच चालायचं. आयोजक सही करून घेतात त्या कागदातही जबाबदारी तुमचीच असते. म्हणून बजेट काढताना थोडी रक्कम बाजूला ठेवा, सगळी गाडीवर लावून मोकळे होऊ नका. आणि गाडीत जे बदल करताय ते विमा कंपनीला कळवून एन्डॉर्स करून घ्या, हायवेवरचा क्लेम त्यावरनं अडतो. स्वतःचा अपघात विमा असला तर त्यात पण मोटरस्पोर्टचं काय लिहिलंय ते बघा.

टिळकवाडी_व्हीटेक
हे लई कामाचं सांगितलंत साहेब, पॉलिसी काढून बघितली, तंतोतंत तेच शब्द आहेत.

अजून एक. कोणीतरी मला सांगितलं की लांब कोपऱ्यात तेल एका बाजूला जातं आणि इंजिन बसतं. हे खरं आहे का की असंच?

लेथवाला_उद्यमबाग
खरं आहे. चांगल्या टायरवर लांब कोपरा पकडला की तेल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या डब्याच्या, एका भिंतीला चढतं. तेल ओढणारा पिकअप मधे तळाशी असतो, त्याचं तोंड एक-दोन सेकंद उघडं पडलं की पंप हवा ओढतो, आणि त्याच वेळी इंजिन सहा हजारावर असतं. बेअरिंगवरची तेलाची पातळ फिल्म गेली की धातूला धातू. चेन्नईचा सी-१, म्हणजे पहिला कोपरा, उजवीकडचा, वेगात घ्यायचा आहे, तिथं हे सगळ्यात जास्त जाणवतं.

पहिला उपाय फुकटचा, तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवा, खालच्या खुणेवर असताना जाऊ नका. दुसरा उपाय बॅफल. संप खाली काढायचा, धुवून कोरडा करायचा, पिकअपच्या भोवती दीड मिमी पत्र्याची चौकट वेल्ड करायची आणि तिच्या बाजूंना छोटी झडपं बिजागरीवर टांगायची. तेल पिकअपकडं येताना झडप ढकलून आत येतं, परत बाहेर पळायला लागलं की तेच तेल झडप मिटवतं. बिजागरी सैल पाहिजे, बोट लावलं की हलली पाहिजे, आणि पिन दोन्ही टोकांना ठोकून बंद केलेली पाहिजे, ती सुटून संपात पडली तर सगळंच मुसळ केरात. पिकअप आणि तळ यातलं अंतर होतं तेवढंच ठेवायचं. क्रँकची वजनं फिरताना चौकटीला लागत नाहीत ना ते बसवायच्या आधी मातीचा गोळा ठेवून, इंजिन हातानं फिरवून बघायचं. वेल्डिंगनंतर संपची कड सरळ करून घ्यायची नाहीतर गॅस्केटमधनं गळणार.

आपल्या उद्यमबागेच्या इंडस्ट्रियल एरियात हे काम करणारे हात गल्लोगल्ली आहेत. फाउंड्री, क्रँक ग्राइंडिंग, बोअर, होनिंग, सगळं दोन किलोमीटरच्या आत. बाहेरगावचा ट्यूनर जे पॅकेज म्हणून विकतो त्यातलं अर्धं इथल्या शेडमधे जास्त चांगलं होतं असं माझं मत आहे, फक्त समोर बसून काय पाहिजे ते सांगावं लागतं.

जुना_शोलावरम
याच्याशी शंभर टक्के सहमत. बेळगावचा कारागीर मायक्रॉनमधे बोलतो.

वाचक_हल्याळ
मी फक्त वाचतोय, माझ्याकडं गाडी नाही, पण बॅफलचं वाचून मजा आली.

रीमॅप_राजा
ठीक आहे, बॅफलचा मुद्दा मान्य, तो आधी. पण टायरचं काय? रोजचे टायर घेऊन जाणार आणि तिथंच खलास करून त्याच टायरवर आठशे किलोमीटर परत येणार का? पावसाचे दिवस असले तर?

शहापूरची_आरएस
हा चांगला प्रश्न आहे. पहिल्या खेपेला चांगल्या कंपनीचे नवे रोडचे टायरच ठेवा. ते सरकायच्या आधी आवाज करून सांगतात, नवशिक्या हाताला तेच बरं. सेमी-स्लिकची, म्हणजे ट्रॅकसाठीच्या जवळजवळ गुळगुळीत टायरची, पकड जास्त पण सुटली की एकदम सुटते. आणि पकड जास्त म्हणजे तेलाचा वरचा प्रश्न पण जास्त.

हवेचं: टायर तापला की प्रेशर चार-सहा पीएसआय वर चढतं, म्हणून गार असताना जरा कमीवर सुरू करायचं, सेशन संपवून आत आल्या आल्या गेज लावून बघायचं आणि चारही सारखे आणायचे. चॉकनं किंवा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं टायरच्या खांद्यावर रेघ मारून ठेवा, टायर किती लोळतोय ते रेघ कुठपर्यंत पुसली गेली त्यावरनं कळतं. पुढचे टायर बाहेरच्या कडेनं खाल्ले जातात, पुढच्या चाकाच्या गाड्यांचं ते दुखणंच आहे. घरी परत निघायच्या आधी सगळ्या चाकांचे नट टॉर्क रेंचनं बघा, तापून गार झाल्यावर ढिले होतात, आणि सुरक्षित टायर राहिले नसतील तर तिथंच बदला, कंजुषी नको.

दिवस कसा असतो ते पण सांगते. सकाळी गाडीची तपासणी. बॅटरी घट्ट आहे का, कुठं गळती आहे का, पुढं-मागं टो हुक लागतो का. गाडीतलं सगळं सामान बाहेर, सुटी बाटली पण नाही, पायाखाली गेली तर ब्रेक दाबता येणार नाही. हेल्मेट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. मग ब्रीफिंग, आणि ते मन लावून ऐकायचं. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीय, जागा द्या. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमधे. काळा तुमच्या नावानं दाखवला तर आत या. चौकडीचा म्हणजे संपलं, आता एक लॅप ब्रेक न वापरता गाडी गार करत यायचं. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमधे टाकून चाकाला लाकूड लावायचं. सेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि ते पुरतं, चेन्नईच्या दमट हवेत एसी बंद, काचा खाली, घामानं हेल्मेट भिजतं, पाणी पीत राहा. टाकी निम्म्याच्या वर ठेवा, पेट्रोल पण कोपऱ्यात एका बाजूला पळतं.

बायकांनी विचारायला लाजू नये म्हणून सांगते, मला तिथं सगळ्यांनी मदत केली, माझ्या चाकाचे नट एका शर्यतीतल्या मेकॅनिकनं स्वतःहून तपासून दिले.

निपाणी_४८
ताई, हे प्रिंट काढून डॅशबोर्डात ठेवणार.

केए२३_चिकोडी
आमच्याकडं शर्यत म्हटलं की अजून बैलच. आजोबांना सांगितलं गाडी पळवायला चेन्नईला जायचंय तर म्हणाले नंबर आला तर फेटा बांधतो.

टिळकवाडी_व्हीटेक
आजोबांना नमस्कार सांगा.

तर मंडळी, सगळं परत वाचून, काल ट्यूनरशी पण बोलून ठरवलंय. हेडर आणि रीमॅप पुढच्या वर्षी. आत्ता डिस्क, पॅड, फ्लुइड, कूलंट आणि रेडिएटर साफ, संपला बॅफल, आणि चार नवे टायर. त्याच्या आधी हुपरी रोडला कार्टिंग, चोर्ला_पहाटे बरोबर. गाडी चालवतच न्यायची, मित्र दुसरी गाडी घेऊन मागं असणार, त्यात जॅक, जुने पॅड, टो रोप आणि एक सुटं चाक जास्तीचं. जाताना वेल्लोरला मुक्काम, येताना पण, त्याच रात्री परत नाही. रीमॅप_राजा, राग मानू नका, ताकद मला पण पाहिजे, पण ह्या गाडीला पहिल्यांदा पूर्ण दिवस टिकलेलं बघायचंय मला. बाबा पण येतो म्हणालेत.

रीमॅप_राजा
राग कशाचा. बाबा येणार असतील तर पॅसेंजर लॅपला हेल्मेट दुसरं लागेल, ते माझं घेऊन जा. पुढच्या वर्षी डायनोला भेटू, आणि आधीचा आकडा आत्ताच काढून ठेव, नंतर किती मिळालं ते कळायला.

जुना_शोलावरम
बाबांना पिटवॉलवर उभं करा आणि हातात स्टॉपवॉच द्या. मोबाइलवर नाही, खरं स्टॉपवॉच. माझ्याकडं आहे, मागं या घेऊन जा.

केए२३_चिकोडी
माझा टायमिंग बेल्टचा प्रश्न राहिलाच की. कोणी सांगेल का?

लेथवाला_उद्यमबाग
राहिलाच खरा. ऐका, ह्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात, हेड उघडावं लागतं, कधी पिस्टन पण जातात. बेल्ट वरनं चांगला दिसतो म्हणून भरवसा ठेवू नका, रबर किलोमीटरनं जसं जुनं होतं तसं वर्षांनी पण होतं. तुमच्याकडं बिल नाही, कोणी बदलल्याची नोंद नाही, मग बदललेला नाही असंच धरायचं.

केए२३_चिकोडी
म्हणजे ट्रॅकवर जावो न जावो, बदलायचाच.

लेथवाला_उद्यमबाग
बदलायचाच. त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो, तो पण घाला, टेन्शनर आणि पुढचे कॅम-क्रँकचे ऑइल सील पण, कारण जुन्या सीलमधनं तेल गळून नव्या बेल्टवर पडलं तर काय उपयोग. पार्ट ओरिजिनल आणा, मार्क जुळवून बसवल्यावर चावी मारायच्या आधी क्रँक हातानं दोन फेरे फिरवून मार्क परत बघायचे. टिळकवाडीकर, हे तुम्हाला पण लागू, तुमच्या यादीत बेल्ट दिसला नाही.

टिळकवाडी_व्हीटेक
बाबांच्या वहीत आहे दादा, बेल्ट आणि पंप दोन्ही मागच्या दिवाळीत, बिलासकट. सील मात्र लिहिलेलं नाही, ते बघतो.

लेथवाला_उद्यमबाग
मग दोघं एकाच दिवशी या, तुमचा संप आणि त्यांचा बेल्ट. येताना डिस्क पण आणा, डायल तयार ठेवतो.